उंबरठा आणि गल्ला

कायद्याचीं निकालपत्रें हा वाङ्मयप्रकार आपल्याकडील टीकाकारांच्या नजरेस फारसा पडलेला नाहीं. वकील तीं वाचतात तीं आधार शोधण्यासाठीं, आणि वर्तमानपत्रें वाचतात तीं जिंकलें कोण व हरलें कोण एवढ्यापुरतीं. वास्तविक दोन भल्या पक्षांच्या भांडणाचा निवाडा लिहावयास बसलेल्या न्यायाधीशापुढें जें काम असतें, तें नाटककाराच्या कामाहून फार निराळें नसतें. दोन्ही पक्षांस आपआपल्या तोंडानें पुरतें बोलूं द्यावें लागतें. फरक इतकाच कीं, नाटककारास शेवट अधांतरीं ठेवण्याची मुभा असते. न्यायाधीशास ती नसते. त्याला कोणाच्या तरी पदरांत दान टाकावेंच लागतें, आणि तें कां टाकलें हें हरलेल्या पक्षासही पटेल अशा भाषेंत लिहावें लागतें. ‘पटेल’ हा शब्द कदाचित् जास्त झाला. निदान समजेल अशा भाषेंत.

या दृष्टीनें आम्हीं नुकताच ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल पुन्हां वाचला. ‘बुल विरुद्ध हॉल’ या नांवानें तो ओळखला जातो, आणि २७ नोव्हेंबर २०१३ रोजीं तो देण्यांत आला. विषय दिसावयास अगदीं लहान आहे: स्वतःच्या राहत्या वास्तूंत पाहुणे ठेवणाऱ्या एका श्रद्धाळू दांपत्यास, दोन पुरुषांच्या जोडप्यास दुहेरी पलंगाची खोली नाकारतां येईल काय? पण या लहानशा प्रश्नाच्या पोटांत घर म्हणजे काय, दुकान म्हणजे काय, आणि एकाची श्रद्धा दुसऱ्याच्या अंगाला कोठपर्यंत लागूं द्यावयाची, असे तीन मोठे प्रश्न दडलेले आहेत. त्यांचा विचार सुशिक्षित कुटुंबांतून व्हावा म्हणूनच हा लेख.

हकीकत थोडक्यांत अशी. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोंकास कॉर्नवॉल परगण्यांत मॅराझियन नांवाचें समुद्रकांठचें गांव आहे. समोर सेंट मायकेल्स माउंटचा टेकडीवजा खडक. भरतीच्या वेळीं तो बेट होतो, आणि ओहोटीच्या वेळीं फरसबंद वाटेनें तेथें चालत जातां येतें. या गांवीं एक वयस्क ख्रिस्ती दांपत्य खाजगी हॉटेल चालवीत असे व त्याच वास्तूंत राहत असे. त्यांचा एक नियम होता, आणि तो त्यांनीं लपवून ठेवला नव्हता. एकेरी खोली किंवा दोन स्वतंत्र खाटांची खोली कोणासही मिळेल. दुहेरी पलंगाची खोली मात्र केवळ विवाहितांस, आणि विवाह याचा अर्थ एक पुरुष व एक स्त्री यांचें आजन्म बंधन. सप्टेंबर २००८ मध्यें ब्रिस्टलच्या दोघां पुरुषांपैकीं एकानें दूरध्वनीवरून दोन रात्रींसाठीं दुहेरी खोली मागितली व ती मिळालीही. बाईंचा समज असा झाला कीं, सोबत पत्नी येणार. सामान घेऊन दोघे दाराशीं आले तेव्हां त्यांना नियम ऐकविण्यांत आला. ते दुसऱ्या हॉटेलांत गेले, आणि मग न्यायालयांत. जानेवारी २०११ मध्यें ब्रिस्टल येथील न्यायाधीशांनीं प्रत्येकीं अठराशें पौंड भरपाई देवविली. फेब्रुवारी २०१२ मध्यें अपील फेटाळलें गेलें. आणि शेवटीं प्रकरण पांच न्यायाधीशांपुढें आलें.

या कथेंत खलनायक नाहीं, हें तिचें पहिलें वैशिष्ट्य. हॉटेलवाले दांपत्य उद्धट नव्हतें. अविवाहित स्त्रीपुरुषांसही तें हाच नियम लावीत असे, आणि अशा रीतीनें हातचें गिऱ्हाईक सोडण्याची झळ सोशीत असे. पैशासाठीं श्रद्धा बाजूस सारणारीं माणसें आपण पावलोपावलीं पाहतों. श्रद्धेसाठीं पैसा बाजूस सारणारीं विरळा. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयीं एकाही न्यायाधीशानें शंका घेतलेली नाहीं. दुसऱ्या बाजूस त्या दोघां पुरुषांनींही कांहीं चोरून केलेलें नव्हतें. इंग्लंडांत समलिंगी जोडप्यांस विवाहाच्या तोडीचा कायदेशीर बंध देणारी ‘सिव्हिल पार्टनरशिप’ २००४ च्या कायद्यानें आली होती. तींत ते रीतसर बांधले गेले होते. राज्यानें त्यांचें नातें मान्य केलें, नोंदलें, शिक्का मारून दिलें; आणि हॉटेलच्या दारांत त्यांना सांगण्यांत आलें कीं, येथें तें चालत नाहीं. सामान हातांत असतां, परगांवीं, परक्या माणसाकडून हें ऐकून घ्यावें लागणें म्हणजे काय, हें ज्याच्यावर प्रसंग आला असेल त्यास विचारावें.

आतां निकालपत्राकडे. प्रमुख मतपत्र लेडी हेल यांचें आहे. त्यांच्या लेखनाचा एक गुण आम्हांस फार आवडतो: त्या प्रश्न आरंभींच साध्या वाक्यांत मांडतात आणि मग त्याच्यापासून नजर हलवीत नाहींत. आमच्या न्यायालयांतील कांहीं अलीकडील निकालपत्रें गटे आणि शेक्सपियर यांना साक्षीस बोलावून शेंकडों पानें चालतात. हीं सुंदर नाहींत असें नाहीं, परंतु वाचणारा मध्येंच वाट चुकतो. लेडी हेल यांच्या पानावर वाट चुकणें शक्य नाहीं.

त्यांचा युक्तिवाद समजण्यास एक भेद ध्यानांत घ्यावा लागतो. २००७ मध्यें इंग्लंडांत जे नियम झाले, त्यांप्रमाणें लैंगिक कलावरून सेवा नाकारणें बेकायदा ठरलें. आणि असा भेद दोन प्रकारचा मानला गेला. ‘तूं अमुक आहेस म्हणून तुला नाहीं’ हा प्रत्यक्ष भेद. त्याला कोणतीही सबब चालत नाहीं. नियम सर्वांस सारखा, पण त्याचा फटका एकाच वर्गास विशेष बसतो, हा अप्रत्यक्ष भेद. येथें नियम करणारास आपलें कारण योग्य व प्रमाणशीर आहे असें दाखविण्याची संधि असते. हॉटेलवाल्यांचें म्हणणें असें कीं, आमचा नियम विवाहाचा आहे, समलिंगी असण्याचा नव्हे. अविवाहित स्त्रीपुरुष आले असते तर त्यांसही आम्हीं हेंच सांगितलें असतें. बिनतोड वाटणारें म्हणणें आहे.

यावर इंग्लंडच्या कायद्यांत एक जुना गंमतीदार दाखला आहे. ईस्टली येथील नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावावर निवृत्तिवेतनाचें वय झालेल्यांस प्रवेश फुकट असे. एक पतिपत्नी तेथें गेलीं. दोघेंही एकसष्ट वर्षांचीं. स्त्रियांचें निवृत्तीचें वय तेव्हां साठ व पुरुषांचें पासष्ट. सबब पत्नी फुकट पोहली आणि पतीला पाऊणशें पेन्स मोजावे लागले. नगरपालिकेच्या मनांत पुरुषद्वेष होता असें कोण म्हणेल? तरीही उमरावसभेनें १९९० मध्यें, तीन विरुद्ध दोन अशा मतांनीं, हा स्त्रीपुरुषांतील प्रत्यक्ष भेदच ठरविला. कारण जी कसोटी वापरली तिच्यांतच स्त्रीपुरुषभेद भिजलेला होता. लेडी हेल हीच दिशा धरतात. कायदा सांगतो कीं, विवाह आणि सिव्हिल पार्टनरशिप यांच्यांत या कामापुरता फरक मानावयाचा नाहीं. मग एका बाजूस विवाहित जोडपें व दुसऱ्या बाजूस पार्टनरशिपनें बांधलेलें जोडपें उभें केलें, तर उरणारा फरक कोणता? दोघांच्या कलाचाच. शिवाय विवाहाची व्याख्याच ‘एक पुरुष व एक स्त्री’ अशी करून टाकल्यावर ती कसोटी समलिंगी माणसास कधींही पार करतां येणार नाहीं. सबब हा प्रत्यक्ष भेद. लॉर्ड केर व लॉर्ड टूल्सन यांनीं हें मान्य केलें.

लॉर्ड न्यूबर्गर व लॉर्ड ह्यूज यांनीं मात्र येथें वेगळी वाट धरली. त्यांचें म्हणणें असें कीं, नियमाचा रोंख विवाहबाह्य शय्येवर आहे, समलिंगी असण्यावर नाहीं. अविवाहित स्त्रीपुरुषही त्यांत सांपडतात. म्हणून हा भेद अप्रत्यक्ष. परंतु तो समर्थनीय आहे काय, असें विचारल्यावर तेही ‘नाहीं’ म्हणतात. म्हणजे हॉटेलवाले हरले पांच विरुद्ध शून्यानें, आणि वाद राहिला तो हरण्याच्या कारणाचा. असल्या वादाला ‘केंस चिरणें’ म्हणून हंसणारे पुष्कळ आहेत. आमच्या वर्गांतील विद्यार्थीही हंसतात. पण कारणावरच पुढच्या माणसाचें भवितव्य अवलंबून असतें.

आमचें मत विचाराल तर या एका मुद्द्यावर अल्पमताचें पारडें आम्हांस जड वाटतें. लेडी हेल यांचा युक्तिवाद सिव्हिल पार्टनरशिपच्या पुलावरून चालतो. पूल भक्कम आहे. पण ज्यांच्यापाशीं तो कागद नाहीं त्यांचें काय? हा प्रश्न काल्पनिक नाहीं. बर्कशरमधील कुकम या गांवीं एक बाई आपल्या कुटुंबासह राहत्या घरांत थोड्याशा खोल्या ‘बेड अँड ब्रेकफास्ट’ म्हणून देत असत; मार्च २०१० मध्यें त्यांनीं दोघां पुरुषांस दुहेरी पलंग नाकारला. ते दोघे सिव्हिल पार्टनरशिपमध्यें नव्हते. जुलै २०१३ मध्यें अपील न्यायालयानें त्या बाईंविरुद्ध निर्णय दिला. पण मास्टर ऑफ द रोल्स लॉर्ड डायसन यांच्या मतपत्रांतून हें स्पष्ट दिसतें कीं, मॅराझियनच्या प्रकरणांतील आधींचा अपील-निकाल बंधनकारक असल्यामुळेंच त्यांनीं प्रत्यक्ष भेदाचा शब्द उच्चारला. कागद नसलेल्या जोडप्यास न्याय द्यावयाचा तर अप्रत्यक्ष भेदाचीच वाट मोकळी व सरळ आहे. तिच्यांत दुसराही एक लाभ आहे. प्रत्यक्ष भेद म्हटलें कीं, श्रद्धाळू माणसाचें कारण ऐकण्याचीच गरज उरत नाहीं. अप्रत्यक्ष म्हटलें कीं, तें ऐकावें लागतें, तोलावें लागतें, आणि मग ‘अपुरें’ म्हणून नाकारावें लागतें. हरणाऱ्यास ऐकून घेऊन हरविणें हें ऐकून न घेतां हरविण्याहून केव्हांही बरें.

अर्थात् श्रद्धेचा मुद्दा लेडी हेल यांनीं टाळलेला नाहीं. युरोपीय मानवी हक्क-करारनाम्याच्या नवव्या कलमानें श्रद्धा बाळगण्याचा हक्क निरपवाद आहे. ती आचरणांत प्रकट करण्याचा हक्क मात्र दुसऱ्यांच्या हक्कांनीं मर्यादित होतो. पिढ्यान् पिढ्या ज्यांना लपून राहावें लागलें, ज्यांचें प्रेम १९६७ पर्यंत इंग्लंडांत तुरुंगास पात्र होतें, त्यांना आतां कोठें समान बंधन मिळालें असतां, सेवा देणारानें त्यांस समान वागणूक द्यावी असा आग्रह अवाजवी म्हणतां येणार नाहीं, असा त्यांच्या विवेचनाचा गाभा आहे. हा भाग उत्तम उतरला आहे. त्यापुढें त्यांनीं एक उलट चित्र उभें केलें आहे: याच दोघां पुरुषांचें हॉटेल असतें व त्यांनीं या ख्रिस्ती दांपत्यास त्यांच्या धर्मावरून खोली नाकारली असती, तर कायद्यानें त्यांनाही असेंच पकडलें असतें. हा दाखला आम्हांस जितका चतुर वाटतो तितका उपयोगी वाटत नाहीं. ख्रिस्ती दांपत्यास खोली नाकारणारें हॉटेल इंग्लंडांत शोधूनही सांपडणें कठीण. समलिंगी जोडप्यास नाकारणारीं काल-परवांपर्यंत जागोजागीं होतीं. कागदावरची समता दाखविण्यासाठीं प्रत्यक्षांतली विषमता घटकाभर विसरावी लागते, आणि लेडी हेल यांच्यासारख्या लेखिकेला तसें विसरण्याची कांहींच गरज नव्हती.

पण सर्वांत मोठा प्रश्न, आणि वाचकांस खरोखर जवळचा वाटेल असा प्रश्न, वेगळाच आहे. ‘हें माझें घर आहे, माझ्या घरांत कोण निजावें हें मी ठरवीन’ या वाक्याला उत्तर काय?

इंग्लंडच्या जुन्या कायद्यांत या प्रश्नाचें एक उत्तर शतकानुशतकें होतें. जो वाटसरूंसाठीं पथिकाश्रम उघडून बसला, त्यानें जागा शिल्लक असेल व वाटसरू दाम देण्यास तयार असेल तर सबळ कारणावांचून कोणासही परतवितां कामा नये. खाणावळवाले किंवा निवडक मंडळींस उतरवून घेणारे यांस मात्र हें बंधन नव्हतें. ‘खाजगी हॉटेल’ हा शब्द इंग्लंडांत रुळला त्याच्या मुळाशीं हाच भेद आहे. ‘आम्ही वाटेल त्यास घेत नाहीं’ असें त्या पाटींतच सुचविलेलें असे. या जुन्या नियमाचा सर्वांत गाजलेला उपयोग क्रिकेटच्या चाहत्यांस ठाऊक असेल. वेस्ट इंडीजचे थोर खेळाडू लिअरी कॉन्स्टंटाइन १९४३ च्या उन्हाळ्यांत सामन्यासाठीं लंडनच्या इंपीरियल हॉटेलांत चार रात्रींसाठीं सहकुटुंब उतरावयास आले. जागा आधीं ठरलेली होती. पण गोऱ्या अमेरिकन सैनिकांस रुचणार नाहीं म्हणून त्यांना एकाच रात्रीनंतर निघावयास सांगण्यांत आलें. १९४४ मध्यें न्यायमूर्ति बर्केट यांनीं त्यांचा दावा मान्य केला. भरपाई मिळाली पांच गिनी! आंकडा हास्यास्पद आहे. पण कोणताही वर्णभेदविरोधी कायदा अस्तित्वांत नसतां केवळ पथिकाश्रमाच्या जुन्या धर्मावर हा निकाल उभा राहिला. इंपीरियल हें जर ‘खाजगी हॉटेल’ असतें, तर ह्या पांच गिनीही हाताला लागल्या नसत्या.

पुढें १९६५ मध्यें इंग्लंडांत वर्णभेदाविरुद्ध पहिला कायदा झाला तेव्हांही हॉटेलें त्यांत आलीं, पण खाजगी खाणावळी बाहेर राहिल्या. १९६८ च्या कायद्यानें घरभाड्याचें क्षेत्र आंत घेतलें, तरी मालकीण जेथें भाडेकऱ्यासह एका छपराखालीं राहते अशा लहान घरांस सवलत ठेवली. विलायतेंत शिकावयास गेलेल्या आपल्या लोकांनीं ज्या मालकिणींच्या खिडक्यांतल्या ‘काळ्यांस जागा नाहीं’ अशा पाट्या पाहिल्या, त्या बहुतेक या कायद्याच्या आधींच्या काळांतील. अमेरिकेंत १९६४ च्या नागरी हक्कांच्या कायद्यांत अशीच एक तरतूद आहे: पांचांहून अधिक नाहींत इतक्याच खोल्या भाड्यानें देणारा व स्वतः तेथेंच राहणारा मालक त्या कायद्यापासून मुक्त. वादविवादांत ‘मिसेस मर्फी’ नांवाच्या एका कल्पित विधवेच्या खाणावळीचा दाखला वारंवार दिला गेला, म्हणून ती तरतूद त्याच नांवानें प्रसिद्ध आहे. बिचाऱ्या मिसेस मर्फीस कोणी पाहिलें नाहीं, पण तिच्या नांवावर पुष्कळांनीं आपलीं दारें लावून घेतलीं. इंग्लंडांत २०१० मध्यें विरोधी पक्षाचे ख्रिस ग्रेलिंग यांनीं नेमका हाच भेद काढला होता: मोठ्या हॉटेलानें नाकारूं नये, पण स्वतःच्या घरांत खोल्या देणाऱ्यास मोकळीक असावी. त्यावर एवढें काहूर उठलें कीं, त्यांना खेद व्यक्त करावा लागला.

तेव्हां २००७ च्या नियमांनीं घराला कांहींच जागा ठेवली नाहीं काय? ठेवली आहे, आणि त्या नियमांतील आम्हांस सर्वांत सुंदर वाटणारें कलम तेंच. एखादा माणूस मुलांस, वृद्धांस किंवा विशेष शुश्रूषेची गरज असलेल्यांस आपल्या घरीं ठेवून घेतो व त्यांना कुटुंबांतील माणसांप्रमाणें वागवितो, मग त्याबद्दल तो पैसे घेवो वा न घेवो, तर त्याला हे नियम लागू नाहींत. म्हणजे कायद्यानें खोल्या मोजल्या नाहींत, पैसेही मोजले नाहींत, नातें पाहिलें. मिसेस मर्फीची पांच खोल्यांची रेघ यापुढें किती ओबडधोबड दिसते! पांच खोल्यांचा मालक सत्पुरुष आणि सहाव्या खोलीपासून तो व्यापारी, हें कोणत्या गणितानें?

आपल्याकडील मंडळी या ठिकाणीं अतिथिधर्माची आठवण काढतात. अतिथीला देव मानणारें वचन तर शाळेंतल्या मुलासही पाठ असतें. परंतु शास्त्रांतला अतिथि पैसे देत नाहीं, ही गोष्ट विसरली जाते. ज्याच्याकडून आपण कांहीं घेत नाहीं, त्याला दारांत घ्यावा कीं न घ्यावा हा आपला पुण्याचा किंवा पापाचा प्रश्न. कायद्यानें त्यांत पडूं नये. दर ठरविला, जाहिरात दिली, अनोळखी माणसाकडून आगाऊ रक्कम घेतली, कीं उंबरठ्याच्या जागीं गल्ला आला. मागच्या खोलींत देव्हारा आहे आणि मुलें निजलीं आहेत म्हणून पुढची गल्ल्याची पेटी देव्हाऱ्यांत गणली जात नाहीं. पुण्या-मुंबईच्या जुन्या खाणावळींतून जातवार पंक्ति बसत, आणि धर्मशाळांच्या पाट्यांवर ज्ञातींचीं नांवें लिहिलेलीं असत. तेथल्या चालकांनाही आपण कोणाचा अपमान करतों असें वाटत नसे. आपण आचार पाळतों असेंच वाटे. आचार प्रामाणिक होता यांत संशय नाहीं. बाहेर उभ्या असलेल्यास त्या प्रामाणिकपणाचा काय उपयोग होता?

या संदर्भांत आम्हांस राहून राहून डॉ. आंबेडकरांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लहानशा आत्मकथनांतील बडोद्याचा प्रसंग आठवतो. परदेशांतून उच्च शिक्षण घेऊन १९१७ मध्यें ते संस्थानच्या नोकरींत रुजू होण्यास गेले. हिंदु उतारशाळा दार उघडणार नाहीं हें ठाऊक असल्यामुळें पारशी मंडळींच्या उतारशाळेंत गेले. येथें फक्त पारश्यांनाच जागा, असें रखवालदार म्हणाला. पण उतारू मिळत नव्हते आणि मिळकत हवी होती. सबब तोड निघाली कीं, वहींत पारशी नांव लिहावें. नांव लिहिलें गेलें. अकराव्या दिवशीं काठ्या घेतलेल्या दहाबारा पारश्यांनीं त्यांस बाहेर काढलें. हा प्रसंग काढून मॅराझियनचें दांपत्य आणि तो जमाव आम्ही एका तागडींत घालीत आहों असें कोणी समजूं नये. त्या दांपत्यानें काठी तर सोडाच, आवाजही चढविला नसेल. आमचें लक्ष जमावाकडे नाहींच. तें त्या वहीकडे आहे. ‘वेगळ्या नांवानें राहा, म्हणजे राहतां येईल,’ ही रखवालदाराची सवलत, आणि ‘दोन वेगळ्या खाटांवर निजा, म्हणजे राहतां येईल,’ ही हॉटेलवाल्यांच्या नियमांतली सवलत, या दोहोंत आम्हांस एक कुळसाम्य दिसतें. दोन्ही सवलती उदार आहेत. दोन्हींची किंमत एकच: तूं जो आहेस तो येथें असूं नकोस. लेडी हेल यांनीं लैंगिक कल हा माणसाच्या ओळखीचा गाभा आहे व त्याची पूर्तता दुसऱ्याशीं जोडलेल्या नात्यांतच होते असें जें प्रतिपादिलें आहे, त्याचा अर्थ त्या वहीशेजारीं ठेवून वाचला म्हणजे पुरता उमगतो. समलिंगी मनुष्याला आम्ही नाकारीत नाहीं, त्याच्या जोडीदारासह असण्याला नाकारतों, हा भेद कागदावर टिकतो. दुहेरी पलंगाच्या दाराशीं टिकत नाहीं.

आमचे एक स्नेही, स्वतः मोठे श्रद्धाळू, यावर म्हणतात कीं, उद्यां कायदा माझ्या लेखणींतून माझ्या विरुद्ध मतही वदवून घेईल. ही भीति पोकळ नाहीं, आणि तिला उत्तर त्याच न्यायालयानें दिलें आहे. बेलफास्टच्या एका बेकरीकडे २०१४ मध्यें साडेछत्तीस पौंडांचा एक केक मागविण्यांत आला. त्यावर समलिंगी विवाहास पाठिंबा द्या अशी घोषणा लिहावयाची होती. ख्रिस्ती बेकरीवाल्यांनीं नकार दिला. १० ऑक्टोबर २०१८ रोजीं पांचही न्यायाधीशांनीं बेकरीच्या बाजूनें कौल दिला, आणि मुख्य मतपत्र पुन्हां लेडी हेल यांचेंच! गिऱ्हाईक कोणीही असतें तरी ती घोषणा त्यांनीं लिहिली नसती. नकार माणसाला नव्हता, मजकुराला होता. पलंगावर मजकूर नसतो. पाहुण्यास खोली दिल्यानें यजमान पाहुण्याच्या आयुष्याखालीं सही करीत नाहीं. दोन्ही निकाल शेजारीं शेजारीं वाचले म्हणजे, लेडी हेल यांस केवळ एका पक्षाच्या कैवारी ठरविणारांचें तोंड बंद व्हावें. मॅराझियनच्या दांपत्यास आपला विश्वास सोडावा लागला नाहीं, त्याचा प्रचारही थांबवावा लागला नाहीं. सगळ्या खोल्यांत वेगळ्या खाटा टाकण्याची त्यांस मोकळीक होती. मग विवाहितांसही तोच न्याय लागला असता. नियम मोडला तो तेथें, जेथें काहींना पलंग आणि काहींना खाट असें झालें.

इंग्लंडांत २९ मार्च २०१४ पासून समलिंगी जोडप्यांस विवाहच करतां येऊं लागला, आणि २००७ च्या नियमांची जागा त्याआधींच २०१० च्या समता-कायद्यानें घेतली होती. तेव्हां तेथें हा वाद बहुतेक इतिहासजमा झाला आहे. आपल्याकडे तो आतां सुरू व्हावयाचा आहे. ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानें समलिंगी संबंध गुन्हा राहिला नाहीं. पण १७ ऑक्टोबर २०२३ रोजीं आमच्या सर्वोच्च न्यायालयानें विवाहाचा हक्क देण्यास नकार दिला. म्हणजे आपल्या समलिंगी जोडप्यापाशीं दाखवावयास विवाहाचा कागद नाहीं, आणि पार्टनरशिपचाही नाहीं. उलट बाजूस, जानेवारी २०२५ मध्यें ओयो कंपनीनें मेरठपासून आरंभ करून आपल्याशीं जोडलेल्या हॉटेलांस अविवाहित जोडपीं नाकारण्याची मुभा दिली व नात्याचा पुरावा मागण्याचा नियम केला. मॅराझियनचाच नियम हा, फक्त श्रद्धेच्या जागीं वस्तीची संवेदनशीलता आली.

लेडी हेल यांचा पूल येथें नाहीं. म्हणून त्यांचें मतपत्र आमच्या वकिलास फारसें उपयोगी पडणार नाहीं. लॉर्ड न्यूबर्गर व लॉर्ड ह्यूज यांचें पडेल. कारण अप्रत्यक्ष भेद ही कल्पना आमच्या सर्वोच्च न्यायालयानें २५ मार्च २०२१ च्या, सैन्यांतील स्त्री-अधिकाऱ्यांच्या प्रकरणांत उघडपणें स्वीकारली आहे. घटनेच्या पंधराव्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमांत दुकानें व उपाहारगृहें यांच्याबरोबर हॉटेलांचाही नांवानिशीं उल्लेख आहे, आणि तें बंधन सरकारपुरतें नसून खाजगी मालकासही पोंचतें. लिंग या शब्दांत लैंगिक कल येतो असेंही २०१८ च्या निकालांत एकाहून अधिक न्यायमूर्तींनीं म्हटलें आहे. अडचण एकच दिसते. त्या पोटकलमांत ‘केवळ’ असा एक शब्द आहे: केवळ अमुक कारणावरून कोणास मज्जाव करतां येणार नाहीं. ‘आम्ही केवळ म्हणून नाहीं, विवाहाचा कागद नाहीं म्हणून नाकारतों,’ असें हॉटेलवाला म्हणेल, आणि ईस्टलीच्या तलावावरचा तो पाऊणशें पेन्सांचा वाद मराठी मुलुखांतल्या एखाद्या न्यायालयांत नव्यानें उभा राहील.